परतीची दोरी

उत्तर फ्लोरिडात, सुवानी नदीच्या आसपास, जमिनीतून उसळून येणारे झरे ठिकठिकाणी आहेत. पाणी बारा महिने साधारण बावीस अंशांचं आणि इतकं नितळ, की काठावर उभं राहून तळाचे खडे मोजावेत. तळाशी चुनखडीच्या कपारीत एक काळं तोंड असतं. पाणी तिथूनच येतं. पाठीला टाकी बांधलेला माणूस त्या तोंडातून आत शिरला की थोडं अंतर मागून निळा उजेड सोबत करतो. तो संपत आला की समोर एक पाटी दिसते. पाटीवर काळा झगा घातलेला, लांब दांड्याचा विळा धरलेला सांगाडा आहे; हा पाश्चात्त्यांचा यमदूत. मजकूर असा, की थांबा, आपला मृत्यू टाळा, इथून पुढे जाऊ नका. अशाच गुहांमध्ये तीनशेहून जास्त पाणबुडे मेले आहेत आणि त्यांत खुल्या पाण्यात स्कूबा शिकवणारे प्रशिक्षकही आहेत. या गुहेत जीव गमवावा असं काहीही नाही.

मला या पाटीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो प्रशिक्षकांचा उल्लेख. नवशिक्या बुडाला तर त्याचं कारण कुणालाही कळतं. पण ज्यानं इतरांना समुद्रात उतरायला शिकवलं, ज्याला स्वतःच्या हवेचा आणि खोलीचा हिशोब पाठ आहे, असा माणूस गुहेत शिरल्यावर परत का येत नाही? या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला चाळीसएक वर्षं गेली आणि ते मिळेपर्यंत पुष्कळ तरणीताठी माणसं गेली. त्या वर्षांची ही हकीकत आहे.

आपल्याकडे खेड्यातली पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा नाहीतर सुकलेला भोपळा बांधायचा आणि काका-मामांपैकी कुणीतरी पाण्यात ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी जातं, जीव घाबरा होतो, पण हातपाय झाडले की पोर वर येतं आणि वर आभाळ असतं. समुद्रातल्या स्कूबाचंही मूळ हेच. हवा संपली, मास्क निसटला, सोबती हरवला, तरी ‘वर’ ही दिशा शिल्लक असते. घाईनं वर आल्यानं शरीराला इजा होईल, पण श्वास मिळेल. खुल्या पाण्यातलं सगळं शिक्षण या एका दिशेच्या भरवशावर उभं आहे.

गुहेत ती दिशा नसते. वर खडक असतो. वाट एकच, आलो ती, आणि ती दोनशे मीटर मागे राहिलेली असेल तर दोनशे मीटर आडवं पोहल्याशिवाय श्वास नाही. त्यात गाळाची भर. गुहेच्या तळावर वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो, दळलेल्या पिठासारखा बारीक. वरून पाहिलं तर घट्ट जमीन वाटावी. समुद्रात शिकलेला पाणबुडा पाय वरखाली मारत पोहतो. समुद्रात त्यानं काही बिघडत नाही. इथे त्याच्या पायातल्या फिनचा एक फटका तळाला लागला की गाळ उठतो आणि पाहता पाहता हातातला दिवा डोळ्यांपुढे धरला तरी नुसतं पिवळट दूध दिसतं. शिवाय हे त्याच्या पाठीमागे घडतं. त्याच्या समोरचं पाणी आरशासारखं असतं, त्यामुळे तो खुशीत पुढे जात राहतो. परत फिरायला म्हणून वळतो, तेव्हा ज्या वाटेनं आला ती वाटच नाहीशी झालेली असते. हा गाळ खाली बसायला कधीकधी काही तास लागतात. टाकीत तेवढी हवा नसते.

गुहेतल्या बुडीची सुरुवात मात्र अशी झाली नव्हती. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वुकी होल नावाची गुहा आहे. अ‍ॅक्स नदी तिच्यातून बाहेर पडते. कोरड्या दालनांपर्यंत लोक शतकानुशतकं जात होते, पण पुढे छत पाण्याला टेकलेलं. त्या पाण्यापलीकडे काय आहे, हे पाहायचा ध्यास ग्रॅहम बाल्कम आणि जॅक शेपर्ड या टपाल खात्यातल्या दोन इंजिनिअरांनी घेतला. आधी बाल्कमनं सायकलीचे भाग आणि बागेला पाणी घालायची रबरी नळी जोडून श्वासाचं एक घरगुती उपकरण बनवून पाहिलं. शेवटी सीब गोरमन या कंपनीनं त्यांना पाणबुड्यांचा खरा पोशाख दिला आणि तो वापरायलाही शिकवलं. १९३५ च्या उन्हाळ्यात ते वुकी होलच्या पाण्यात उतरले. डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण, पायांत शिशाचे जोडे, आणि वरून पंपानं हवा पुरवणारी लांब नळी.

तो पोशाख अगदी अवजड. त्यात पोहता येत नसे, तळावरून चालावं लागे, आणि प्रत्येक पावलागणिक गाळ उठे. आजच्या पाणबुड्याला ती साधनं पाहून हसू येईल. तरीही त्या उन्हाळ्यात सगळे जिवंत परतले, आणि त्याचं एक कारण मला त्या नळीत दिसतं. ती हवा आणत होती हे खरंच. पण तिचं दुसरं टोक बाहेर होतं, माणसांच्या हातात होतं. गाळानं आंधळा झालेला पाणबुडा नळी धरून बाहेर येऊ शकत होता. श्वास आणि परतीची वाट, दोन्ही एकाच नळीत होत्या.

१९४३ मध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीनं अ‍ॅक्वालंग तयार केलं. हवा पाठीवरच्या टाकीत आली आणि नळी कायमची सुटली. माणूस माशासारखा मोकळा झाला. समुद्रासाठी हे वरदान होतं. गुहेत मात्र नळीबरोबर परतीची वाटही सुटली, आणि हे तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खुद्द कुस्तोला त्याची चुणूक लवकरच मिळाली. ऑगस्ट १९४६ मध्ये तो आणि फ्रेदेरिक द्युमा दक्षिण फ्रान्समधल्या फोंतेन द व्होक्लूझ या झऱ्यात उतरले. डोंगराच्या पायथ्याशी असलेला हा झरा दर वर्षी ठरावीक काळात एकदम उसळतो. तो का, हे त्यांना पाहायचं होतं. दोघे दोरीनं वरच्या माणसांशी जोडलेले होते. खोल गेल्यावर दोघांचीही शुद्ध हरपू लागली. आपण कुठे आहोत, काय करायला आलो आहोत, हेच कुस्तोला आठवेना. त्यानं दोरीला हिसके दिले. वर दोरी धरलेल्या मोरिस फार्गला त्या हिसक्यांचा अर्थ ‘सैल सोड’ असा वाटला आणि ओढायच्या ऐवजी तो दोरी सोडत राहिला. अखेर त्याला शंका आली, त्यानं दोरी ओढायला सुरुवात केली आणि दोघे वाचले. नंतर टाक्यांतली हवा तपासली, तेव्हा उलगडा झाला. टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरनं इंजिनाचा धूर आत ओढला होता. टाक्यांत कार्बन मोनॉक्साइड होता. ज्या माणसानं हे यंत्र जगाला दिलं तोच त्याच्यामुळे मरता मरता राहिला, तो केवळ दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता म्हणून.

त्याच वर्षी बाल्कमनं इंग्लंडमध्ये केव्ह डायव्हिंग ग्रुप स्थापन केला. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

पन्नास आणि साठच्या दशकांत स्कूबाची साधनं स्वस्त झाली, दुकानांत मिळू लागली. फ्लोरिडातले झरे गावागावांत होते, गाडी थेट काठापर्यंत जायची, लाटा नाहीत, शार्क नाहीत, थंडी नाही. कॉलेजची मुलं शनिवार-रविवारी यायची, एक टॉर्च आणि एक टाकी घेऊन आत डोकवायची. ‘जरा आत जाऊन येऊ’, एवढाच बेत असायचा. पाण्याखालचं चुनखडीचं दालन, त्यात तोंडातून येणारी निळी तिरीप, हे दृश्य विलक्षण सुंदर असतं, आणि जरा आत गेलेला माणूस अजून जरा आत जातो. मृतदेह काढायला शेरीफच्या माणसांना पुन्हा पुन्हा बोलावलं जाऊ लागलं. झरे लोकांना बंद करून टाका, ही मागणी जोर धरू लागली. १९६८ मध्ये काही अनुभवी पाणबुड्यांनी नॅशनल असोसिएशन फॉर केव्ह डायव्हिंग ही संस्था काढली ती या दडपणाखालीच: शिकवण्याची सोय केली नाही तर मरणं थांबणार नाहीत, आणि मरणं थांबली नाहीत तर गुहा कायमच्या बंद होतील.

अशीच मरणं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियर या गावाभोवतीही चालू होती. हाही चुनखडीचा प्रदेश. शेतांमधून, कुरणांमधून पाण्यानं भरलेली विवरं. त्यांतल्या एकाचं नाव ‘द शाफ्ट’. वरून पाहिलं तर शेतातलं जेमतेम मीटरभर रुंदीचं भोक. विहिरीसारखा कठडाही नाही. दोरानं खाली उतरलं की भोकाखाली प्रचंड दालन उघडतं आणि त्यात तळं. दुपारच्या वेळी त्या भोकातून सूर्याचा एकच झोत पाण्यात खोलवर उतरतो. देवळाच्या गाभाऱ्यात गवाक्षातून ऊन पडावं तसा. त्याची छायाचित्रं पाहिली की माणसं तिथे का जात होती हे कळतं.

२८ मे १९७३ रोजी सिडनीकडून आलेले नऊ पाणबुडे द शाफ्टमध्ये उतरले. ही पोरसवदा टोळी नव्हती. समुद्राचा अनुभव असलेली मंडळी होती. साधारण साठ मीटरपर्यंत जायचं ठरलं होतं. साठ मीटरांवर साधी हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन दारूसारखा चढतो. माणसाला बरं वाटतं, घाई वाटत नाही, मापकावरचा आकडा दिसतो पण त्याचा अर्थ मेंदूपर्यंत पोचत नाही. शिवाय खोलीवर हवा झपाट्यानं संपते. तीस मीटरांवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या चौपट होतो, म्हणजे वर तासभर पुरणारी टाकी तिथे पंधरा मिनिटं पुरते. साठ मीटरांवर नऊही मिनिटं नाही. उतार आतल्या अंगाला आणखी खोल जात होता आणि काहीजण ठरवलेल्या खोलीच्या पुढे गेले. बाहेरपर्यंत नेणारी दोरी त्यांच्या हातात नव्हती. वरून येणारा तो प्रकाशाचा झोत हीच त्यांची खूण, आणि आतल्या अंगाला वळलं की तो झोत दिसत नाही.

नऊपैकी पाच वर आले. जे आले नाहीत त्यांत एक भाऊ आणि त्याची बहीण होती. मृतदेह इतके खोल होते, की सगळे बाहेर काढेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं.

१९६९ ते १९७४ या काळात माउंट गॅम्बियरच्या परिसरात अकरा पाणबुडे मेले. सरकारनं चौकशी लावली, जमीनमालकांनी कुंपणाला कुलपं घातली. सप्टेंबर १९७३ मध्ये, द शाफ्टच्या दुर्घटनेनंतर चार महिन्यांत, तिथल्या पाणबुड्यांनी केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया स्थापन केली. विवरांची प्रतवारी ठरवली आणि परीक्षा घेऊन प्रत्येक प्रतीचा वेगळा परवाना द्यायला सुरुवात केली. परवाना नाही तर किल्ली नाही. अपघात पूर्णपणे संपले असं कुणी म्हणणार नाही, पण पाठोपाठच्या मरणांचा तो ओघ आटला. ज्यांच्या मित्रांचे मृतदेह पाण्यातून निघत होते त्यांनीच मित्रांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली, ही साधी गोष्ट नाही. पोहण्यात आपण तरबेज आहोत असं मानणाऱ्या माणसाला ‘तू अजून तयार नाहीस’ असं तोंडावर सांगणं किती कठीण असतं, हे आपल्याकडे सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्या कुणालाही विचारावं.

फ्लोरिडात हे काम एका गणिताच्या शिक्षकानं केलं. शेक एक्सली, जन्म १९४९, गाव जॅक्सनव्हिल. सोळाव्या वर्षी स्कूबा शिकला आणि लगेच गुहांकडे वळला. तेविशी गाठेपर्यंत गुहांमधल्या त्याच्या बुड्या एक हजार झाल्या होत्या. इतक्या तोवर जगात कुणाच्याच झालेल्या नव्हत्या. पोटापाण्यासाठी तो शाळेत गणित शिकवायचा. मृतदेह शोधायला पोलिसांचं बोलावणं आलं की तो जायचा, आणि असे कित्येक देह त्यानं स्वतः बाहेर काढले. अंधारात चाचपडताना हाताला मास्क लागावा, मग खांदा. आणि तो मुलगा गुहेच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर, उलट्या दिशेला डोकं करून अडकलेला असावा, हे त्यानं पाहिलेलं होतं.

इतर लोक हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. एक्सलीनं वहीत नोंदी केल्या. टाकीत किती हवा उरली होती? दोरी होती का? होती तर कुठपर्यंत? दिवे किती? खोली किती? एकेक अपघात त्यानं गणित मांडावं तसा मांडला. उत्तर आलं ते धक्का देणारं होतं. मृत्यू शेकडो होते, पण कारणं मूठभर. जवळजवळ प्रत्येक अपघातात तीनपैकी एक तरी चूक सापडत होती: मोकळ्या पाण्यापर्यंत न तुटता जाणारी दोरी नव्हती, परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती, किंवा माणूस फार खोल गेला होता. हे सगळं त्यानं १९७९ मध्ये एका छोट्या पुस्तकात छापलं. ‘बेसिक केव्ह डायव्हिंग: अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ हे त्याचं नाव. दहा प्रकरणं, प्रत्येकात खरा अपघात, आणि त्यातून निघालेला नियम. नंतरच्या अभ्यासातून आणखी दोन गोष्टी त्या तिन्हींना जोडल्या गेल्या: गुहेचं वेगळं प्रशिक्षण आणि पुरेसे दिवे. आज जगभर शिकवले जाणारे पाच नियम ते हेच.

यातली दोरी जवळून पाहण्यासारखी आहे. नायलॉनची, सुतळीएवढी बारीक, रिळावर गुंडाळलेली. पहिली गाठ गुहेच्या बाहेर मारायची, जिथून सरळ वर येऊन श्वास घेता येईल अशा ठिकाणी. थोडं आत गेल्यावर दुसरी गाठ. पहिली सुटली तर दुसरी धरेल. पुढे कपारींना, खडकांना वेढे देत दोरी ताणून न्यायची. सैल राहिली तर ती पायात अडकते, आणि चुकीच्या ठिकाणी ताणली तर माणूस मावणार नाही अशा फटीत सरकून बसते. येताना ती पुन्हा रिळावर गुंडाळत यायचं. गाळ उठलाच तर अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून त्यात दोरी धरायची आणि डोळे मिटल्यासारखं तिच्यामागून सरकायचं. ज्या गुहांत कायमची दोरी टाकलेली असते तिथे तिच्यावर प्लास्टिकचे लहान बाण बसवलेले असतात. फॉरेस्ट विल्सन या पाणबुड्यानं ते प्रचारात आणले. बाणाचं टोक नेहमी जवळच्या तोंडाकडे, आणि आकार असा की दिसलं नाही तरी बोटांना कळावं. शिकवताना विद्यार्थ्याचा मास्क झाकून टाकतात आणि दुसऱ्याच्या टाकीतून श्वास घेत, आंधळेपणी, दोरीवरून बाहेर यायला लावतात. असं पुन्हा पुन्हा करून घेतात. कारण खरा प्रसंग येतो तेव्हा विचार सुचत नाही, हात आपोआप चालावे लागतात. १९३५ मध्ये वुकी होलच्या पाणबुड्यांकडे आपोआप असलेली वस्तू इथे हातानं, गाठी मारत, परत मिळवली गेली.

हवेचा नियम तिसऱ्या भागाचा. टाकीत १८० बार दाबाची हवा असेल तर ६० बार आत जायला. मापकावर १२० दिसलं की परत फिरायचं, मग समोर कितीही मोठं दालन उघडलेलं असो. ६० परतीला. उरलेली ६० आपली नाही. ती सोबत्याची आहे, त्याचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारं साधन, ऐन शेवटच्या टोकाला बिघडला तर दोघांना मिळून बाहेर आणणारी. टोळीत ज्याचा तिसरा भाग आधी संपेल त्यानं खूण केली की सगळे वळतात, कुणी कारण विचारत नाही. सोबत्याला हवा द्यायच्या रेग्युलेटरची नळी दोन मीटरांहून लांब ठेवतात, कारण चिंचोळ्या वाटेत दोघांना शेजारी शेजारी पोहता येत नाही, एकामागून एक यावं लागतं. झऱ्याच्या गुहेत परतताना प्रवाह ढकलत आणतो म्हणून हा हिशोब बसतो. पाणी आत ओढणाऱ्या गुहेत तिसरा भागही कमी पडतो, तिथे आणखी राखावी लागते.

दिवे किमान तीन. आणि दिव्यांवरूनच फ्लोरिडात एक नियम निघाला, जो मला फार शहाणपणाचा वाटतो. गिनी स्प्रिंग्जच्या परिसरातल्या डेव्हिल्स झऱ्यांत किंवा पीकॉक स्प्रिंग्जमध्ये गुहेचं प्रशिक्षण नसलेल्या पाणबुड्याला दिवा न्यायलाच बंदी आहे. एरवी आपण अंधारात जाणाऱ्याला दिवा देतो. इथे उलटं. दिवा असला की माणूस पुढे जातो. दिवा नसला की उजेड संपेल तिथे तो थांबतो. ‘अजून जरा आत’ या मोहावर इतका साधा उपाय दुसरा नसेल.

नियमांनी काय साधलं, त्याचे आकडे आहेत. अमेरिकेतल्या गुहांमधल्या मृत्यूंच्या एका अभ्यासात १९६९ ते २००७ या काळातले ३६८ मृत्यू नोंदले गेले. पुढच्या एका अभ्यासानं १९८५ ते २०१५ अशी तीस वर्षं तपासली. त्यात १६१ मृत्यू सापडले, आणि वर्षाला सरासरी आठ मरत होते ते प्रमाण तिनाच्या खाली आलेलं दिसलं. त्या १६१ पैकी ८७ जणांकडे गुहेचं प्रशिक्षण नव्हतं. ६७ जणांकडे होतं. हा दुसरा आकडाही झाकून ठेवू नये. प्रशिक्षणानं गुहा निरुपद्रवी होत नाही.

हे एक्सलीच्या स्वतःच्या शेवटात दिसतं. उमेदीच्या वर्षांत त्यानं इतरांना खोलीपासून जपायला सांगितलं, आणि नंतर हेलियम मिसळलेल्या वायूंच्या साहाय्यानं स्वतः माणसानं न पाहिलेल्या खोलीकडे वळला. ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतल्या साकातोन या पाण्यानं भरलेल्या विवरात तो आणि जिम बोडन वेगवेगळ्या दोऱ्यांवरून खाली गेले. हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर, गाठायचे होते. बोडन २८२ मीटरांवरून वळला आणि वाचला. एक्सली परतलाच नाही. तीन दिवसांनी खालची दोरी वर ओढून घेतली, तेव्हा तिच्याबरोबर त्याचा देह आला. दोरी त्याच्याभोवती गुंडाळलेली होती. आपला देह शोधायला कुणी खाली येऊन जीव गमावू नये म्हणून त्यानं ती शेवटच्या क्षणी स्वतःच गुंडाळली असावी, असं त्याच्या मित्रांना वाटतं. ज्यानं इतके देह बाहेर काढले होते त्याच्याबाबत हे मला पटतं.

यानंतर चोवीस वर्षांनी या सगळ्या शिस्तीची परीक्षा साऱ्या जगापुढे झाली. २३ जून २०१८ रोजी थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉलचा प्रशिक्षक अडकले. पावसाचं पाणी आत भरलं. थायलंडच्या नौदलाचे कमांडो धाडसात कुणाला हार जाणारे नव्हते, पण त्यांचं शिक्षण समुद्राचं होतं. दहाव्या दिवशी, २ जुलैला, रिक स्टँटन आणि जॉन व्होलांथन हे दोन ब्रिटिश पाणबुडे गढूळ पाण्यातून दोरी टाकत, हवेची पोकळी मिळेल तिथे डोकं वर काढून वास घेत, हाका मारत मुलांपर्यंत पोचले. एक निवृत्त अग्निशामक, दुसरा संगणकाच्या क्षेत्रातला. दोघेही बाल्कमनं १९४६ मध्ये काढलेल्या त्याच केव्ह डायव्हिंग ग्रुपचे. वुकी होल त्यांच्या सरावाची गुहा.

६ जुलैच्या पहाटे समान कुनान हा नौदलातून निवृत्त झालेला, स्वेच्छेनं मदतीला आलेला कमांडो वाटेत हवेच्या टाक्या ठेवून परतताना मरण पावला. निरोगी, काटक, शूर माणूस. त्याच्या मरणानं मुलांना पोहायला शिकवून बाहेर आणायची कल्पना मागे पडली. अ‍ॅडलेडचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांना बोलावण्यात आलं. ते स्वतः गुहांमधले मुरलेले पाणबुडे. मुलांना केटामाइन देऊन बेशुद्ध करायचं, पूर्ण चेहरा झाकणारे मास्क लावायचे, हात बांधायचे आणि सामानासारखं दोरीवरून बाहेर न्यायचं, असं ठरलं. शुद्धीवरचं मूल पाण्यात घाबरलं तर स्वतःसह नेणाऱ्यालाही मारील, हे त्यांना माहीत होतं.

इकडे पाणी उपसण्याच्या कामात पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनिअर ५ जुलैपासून गुहेशी हजर होते आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार पंप विमानानं पाठवायला तयार करून ठेवले होते. आत पाण्याची पातळी थोडीशी जरी उतरली तरी पोकळ्या मोठ्या होत होत्या, बुडीची अंतरं कमी होत होती. त्या दिवसांत पंपाचं मोल टाकीइतकंच होतं.

८, ९ आणि १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. शेवटच्या दिवशी ख्रिस ज्युवेल या ब्रिटिश पाणबुड्याच्या हातून, एक बेशुद्ध मूल सोबत असताना, दोरी सुटली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. चाचपडताना त्याच्या हाताला एक विजेची तार लागली. तो ती धरून सरकला आणि ज्या दालनातून निघाला होता तिथेच परत पोचला. मागून येणाऱ्या हॅरिसनं मूल ताब्यात घेतलं आणि पुढे नेलं. जगातल्या मोजक्या निष्णात पाणबुड्यांपैकी एकाची ही गोष्ट. तो वाचला, मूल वाचलं, कारण दोरी सुटल्यावर काय करायचं याचाही त्याला सराव होता.

आता आपल्याकडची माणसंही पाण्याखाली जाऊ लागली आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा केंद्र आहे, मालवण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दर हंगामात हजारो लोक पहिली बुडी मारतात, आणि काहीजण पुढे शिकून रीतसर कार्ड मिळवतात. ते अभिमानानं मिळवावं. पण ते कार्ड वर आभाळ असलेल्या पाण्याचं आहे. ते घेऊन उद्या तुम्ही फ्लोरिडात गेलात, मेक्सिकोतल्या सेनोटेंमध्ये, म्हणजे पाण्यानं भरलेल्या चुनखडीच्या विवरांमध्ये, गेलात, तर गुहेचं शिक्षण घेतलेल्या वाटाड्याबरोबर, त्याच्या दोरीवरून, दिवसाचा उजेड दिसतो तेवढ्याच भागात फिरा. त्यापुढे जावंसं वाटलं तर आधी गुहेचा वेगळा अभ्यासक्रम करा. आणि तो सांगाडा काढलेली पाटी समोर आली, की सोबतचा कुणी काहीही म्हणो, मागे फिरा.